खेळाची पावती आणि दवाखान्याचे अंतर
(कॅनडातील एका सार्वजनिक वादाचा अभ्यास)

आरोग्याचा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा डॉक्टर, औषध आणि बिल या तीन शब्दांभोवतीच फिरते. त्या बिलाचा भार हलका करण्यासाठी सरकार जी युक्ती योजते ती नेमकी कोणत्या घरापर्यंत पोहोचते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार कॅनडा या देशाच्या उदाहरणावरून करणार आहोत. आपल्या समाजातील काही मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी त्या देशात गेली आहेत. तिकडे दवाखान्यात पैसे मोजावे लागत नाहीत, असे ती फोनवर सांगतात आणि ऐकणाऱ्याला मोठे नवल वाटते. परंतु पैसे लागत नाहीत म्हणून वाद संपले असे मात्र नाही. गेल्या काही वर्षांत तेथे दोन वाद विशेष गाजले. पहिला मुलांच्या व्यायामासाठी दिलेल्या करसवलतीचा आणि दुसरा आरोग्यसेवेच्या प्रादेशिक मंडळांच्या फेररचनेचा. वरवर पाहता हे दोन वाद वेगळे वाटतात. आमच्या मते ते एकाच मुळातून आलेले आहेत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी जाणून घेणे जरूर आहे. १८६७ च्या घटना कायद्याने कॅनडात इस्पितळे प्रांतांच्या ताब्यात दिली. सर्वांना सरकारी खर्चाने उपचार, ही कल्पना सास्काचेवान या शेतकऱ्यांच्या प्रांतात रुजली. तेथील मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांनी १९४७ साली इस्पितळ विमा सुरू केला. पुढे १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या फीचाही विमा लागू झाला, त्या वेळी मुख्यमंत्रिपदी वूड्रो लॉइड होते. त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी संप पुकारला. तो २३ दिवस चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणून काम चालविले, काही सवलती दिल्या, पण योजना मागे घेतली नाही. १९६६ साली केंद्राने कायदा करून प्रांतांना या कामी पैसा देण्याचे मान्य केले. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने त्या पैशाला अटी घातल्या. एखाद्या प्रांतात रुग्णाकडून वरचे पैसे घेतले गेले, तर तेवढीच रक्कम केंद्र त्या प्रांताच्या अनुदानातून कापून घेते.

म्हणजे इस्पितळे प्रांतांची, पैशाचा एक भाग केंद्राचा, आणि अटीही केंद्राच्या. ही रचना वाचकांनी ध्यानात ठेवावी.

व्यायामाची पावती

शरीर हलविण्याबाबत कॅनडाचे सरकार पूर्वीपासून चिंतेत होते. १९७१ साली ‘पार्टिसिपॅक्शन’ नावाची संस्था सरकारी पाठिंब्याने निघाली. तिची १९७३ सालची दूरदर्शनवरील जाहिरात तिकडे अजून सांगितली जाते. तीस वर्षांचा कॅनेडियन आणि साठ वर्षांचा स्वीडिश माणूस तब्येतीने सारखेच, असे त्या काही सेकंदांच्या जाहिरातीत म्हटले होते. लोकांना ते चांगलेच झोंबले. (झोंबले म्हणून किती जण धावू लागले, हा भाग वेगळा.)

२००६ साली स्टीफन हार्पर यांचे सरकार आले आणि त्यांनी वेगळा मार्ग धरला. १ जानेवारी २००७ पासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी ‘चिल्ड्रन्स फिटनेस टॅक्स क्रेडिट’ सुरू झाले. मुलाच्या खेळाच्या वर्गाची फी, वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, पालकाने आपल्या करपत्रकात दाखवावयाची. त्या रकमेच्या १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ७५ डॉलर, त्याच्या करातून कमी होत. अपंग मुलांसाठी वयाची आणि रकमेची मर्यादा अधिक होती.

कोणता व्यायाम पात्र, याचे नियम वाचण्यासारखे आहेत. वर्ग कोणाच्या तरी देखरेखीखाली हवा, निदान आठ आठवडे चालणारा हवा किंवा सलग पाच दिवसांचे शिबिर हवे, आणि त्यात हृदय व फुप्फुसे यांची क्षमता वाढली पाहिजे. शाळेच्या अभ्यासक्रमातील व्यायाम त्यात बसत नसे. मोटारीवरचे खेळ बसत नसत. घोडेस्वारीचा मात्र नियमात नाव घेऊन समावेश केला होता! उलट गोठलेल्या तळ्यावर शेजारच्या पोरांबरोबर दिवसभर स्केटिंग करणारे मूल या हिशेबात कोठेच येत नव्हते, कारण त्याच्या धावण्याची पावती नव्हती. पुढे चित्रकला, संगीत शिकणाऱ्या मुलांचे काय, अशी तक्रार झाली, तेव्हा २०११ साली कलांसाठीही तसेच क्रेडिट निघाले.

येथे विद्यार्थ्यांसाठी हिशेब मांडून दाखवितो. समजा, एका गल्लीत तीन घरे आहेत. पहिल्या घरी चांगला पगार आहे. मुलीच्या स्केटिंगची फी ८०० डॉलर भरली. मर्यादा ५०० ची, म्हणून सवलत ७५ डॉलर. दुसऱ्या घरी जेमतेम भागते. पोहण्याच्या वर्गाला २०० डॉलर भरले, सवलत ३० डॉलर. तिसऱ्या घरी आई हॉटेलात साफसफाई करते. तिचे उत्पन्न इतके कमी की कर लागतच नाही. तिने पोटाला चिमटा घेऊन मुलाला फुटबॉलच्या वर्गात घातले आणि ५०० डॉलर भरले, तरी सवलत शून्य. जेथे करच नाही तेथे करातून वजा काय करणार? बरे, पहिल्या दोन घरांनाही फी आधी भरावी लागे आणि सवलत पुढल्या वर्षी करपत्रक भरल्यावर मिळे. ज्या घरात हंगामाच्या सुरुवातीला हातात रोख नाही, त्या घरचे मूल वर्गाच्या दारातूनच परत फिरे.

योजनेच्या बाजूने बोलणारे म्हणत की, सरकारने पालकांवर विश्वास टाकला, कोणता खेळ हे पालकच ठरवितात, आणि व्यायाम महत्त्वाचा आहे हा संदेश घरोघर जातो. क्रीडासंस्थांनाही ही योजना आवडली. विरोधक म्हणत, ज्यांची मुले आधीच खेळत होती त्यांनाच हे बक्षीस आहे. अल्बर्टा विद्यापीठातील जॉन स्पेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली देशभरच्या पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटातील पालकांना योजनेची माहितीच कमी होती आणि तिचा लाभ घेणारेही त्या गटात कमी होते. लाभ घेतलेल्या पालकांपैकी यामुळे आपल्या मुलाचा खेळातील सहभाग वाढला असे मानणारे सहांत जेमतेम एक निघाले.

सरकारने २०१४ साली मर्यादा १००० डॉलर केली. २०१५ साठी क्रेडिट परतावा मिळणारे केले, म्हणजे कर नसलेल्या घरालाही रक्कम हाती मिळू लागली. तिसऱ्या घरापर्यंत योजना पोहोचायला आठ वर्षे लागली, आणि पोहोचली तोच तिचा शेवट जवळ आला. २०१५ च्या निवडणुकीनंतर जस्टिन ट्रुडो यांचे सरकार आले. त्यांनी २०१६ साली मर्यादा पुन्हा निम्मी केली आणि २०१७ पासून क्रेडिट रद्द केले. त्याऐवजी जुलै २०१६ पासून घराच्या उत्पन्नानुसार ‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’ दरमहा थेट देण्यास सुरुवात झाली. सुरुवातीला सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६४०० डॉलर. ही रक्कम आई कशावर खर्च करते, खेळावर की धान्यावर, याची पावती कोणी मागत नाही. काहींना हे पसंत नाही. आम्हाला त्यात वावगे दिसत नाही, कारण उपाशी मुलाला फुटबॉलच्या वर्गाची फी भरून आरोग्य येत नाही.

आपल्याकडे आयकराच्या ८० डी कलमाची गोष्ट याच जातीची आहे. जानेवारी-फेब्रुवारी आला की बँकेत आमच्याभोवती मेडिक्लेमच्या पावत्या गोळा करण्याची धांदल उडते. जुन्या करपद्धतीत २५,००० रुपयांचा हप्ता दाखविला तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातील साहेबांचा ७,५०० रुपये कर वाचतो, २० टक्क्यांच्या टप्प्यातील शिपायाचा ५,००० वाचतो, आणि बँकेबाहेर फळे विकणाऱ्या बाईंचा काहीच वाचत नाही. म्हणजे कॅनडाचे क्रेडिट या बाबतीत बरे म्हणावे लागेल; तेथे निदान करदात्यांना एकच दर होता.

मंडळे एक की अनेक

आता दुसऱ्या वादाकडे वळू. इस्पितळांचा कारभार राजधानीतून चालवावा की प्रदेशवार मंडळांकडे द्यावा, यावर कॅनडातील प्रांत गेली तीसपस्तीस वर्षे हेलकावे घेत आहेत.

सास्काचेवानचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि लोकवस्ती मात्र साधारण १२ लाख. अशा प्रांतात दवाखान्याचे अंतर हीच मोठी गोष्ट असते. १९९० नंतर प्रांत कर्जात बुडाला होता. तेव्हा रॉय रोमानो यांच्या सरकारने जवळजवळ तीस आरोग्य-जिल्हे केले, त्यांच्या मंडळांवर काही सभासद मतदानाने निवडण्याची सोय केली, आणि त्याच सुमारास १९९३ साली ५२ लहान ग्रामीण इस्पितळांतील आंतररुग्ण सेवेचा पैसा बंद केला. पुष्कळांची आरोग्य केंद्रे झाली. ज्या प्रांताने सर्वांना मोफत उपचार दिले, त्याच प्रांतात गावची माणसे इस्पितळासाठी मोर्चे काढू लागली. उपचार मोफत होता, पण तो पुढच्या शहरात होता. पुढे २००२ साली जिल्ह्यांची १२ प्रादेशिक मंडळे झाली, मतदान गेले, आणि ४ डिसेंबर २०१७ रोजी सर्व मिळून एकच प्राधिकरण झाले.

शेजारच्या अल्बर्टा प्रांतात हाच खेळ अधिक जोरात झाला. १९९४ साली राल्फ क्लाइन यांच्या सरकारने १७ मंडळे केली. खर्चकपातीच्या त्या काळात कॅलगरी शहराचे जुने जनरल हॉस्पिटल बंद झाले आणि १९९८ साली त्याची इमारत सुरुंग लावून पाडण्यात आली. नंतर १७ ची ९ मंडळे झाली. २००८ साली त्या नवांचे आणि इतर संस्थांचे मिळून ‘अल्बर्टा हेल्थ सर्व्हिसेस’ हे एकच मंडळ बनविण्याचे जाहीर झाले. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांनी ते मंडळ फार अवाढव्य झाले असे सांगून कारभार चार संस्थांत विभागण्याची घोषणा केली. त्यांतील पहिली संस्था २०२४ साली सुरू झाली. नोव्हा स्कोशियाने २०१५ साली ९ जिल्हा मंडळांचे एक केले. प्रत्येक वेळी पाट्या बदलतात, पत्रव्यवहाराचे कागद बदलतात, साहेबांची पदनामे बदलतात. (बँकांचे विलीनीकरण पाहिलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.)

एकच मंडळ असावे म्हणणारे सांगतात की, खरेदी एकत्र होते, तज्ज्ञ डॉक्टर कोठेही पाठविता येतात, दोन मंडळांच्या सीमेवर रुग्ण अडत नाही. हे खोटे नाही. परंतु खेड्यातील रात्रीचा अपघात विभाग बंद ठेवायचा की उघडा, हे दोनशे मैलांवरचा अधिकारी ठरवितो, तेव्हा गावकऱ्याने कोणाच्या दारात जावे? आमच्या मते मंडळांची संख्या किती हा दुय्यम प्रश्न आहे. निर्णय घेणाऱ्याला जाब विचारता येतो की नाही, हे अगोदर पाहिले पाहिजे.

दोन्ही वादांचे मूळ एक, असे आम्ही वर म्हटले ते आता स्पष्ट व्हावे. इस्पितळे प्रांतांची असल्याने केंद्राला तेथे थेट काही करता येत नाही. प्रांतांशी वाटाघाटी कराव्या लागतात. करपत्रकात मात्र एक ओळ वाढवायला कोणाची संमती लागत नाही. म्हणून मतदाराला दिसेल असे आरोग्याचे काम करावयाचे, तर करसवलत ही केंद्राला सोपी वाट. इकडे प्रांतांच्या हाती इस्पितळे, पण पैसा अपुरा. म्हणून ते मंडळांची जुळवाजुळव करीत राहतात. पैसा एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे असली म्हणजे काय होते, या विषयावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्राने प्रांतांना प्रथम ठरावीक रक्कम, मग काही महसूल, मग महसुलात वाटा कसा दिला, हे त्यात टप्प्याटप्प्याने मांडले आहे. आपल्या घटनेतही सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे. अर्थशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांनी तो ग्रंथ परीक्षेपुरता न ठेवता वाचावा.

शेवटी ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा उल्लेख करावयास हवा. कॅनडातील मूळ रहिवाशांच्या आरोग्याचा मोठा भाग केंद्राकडे असे, आणि केंद्र व प्रांत यांच्यात खर्च कोणी करावयाचा यावरून त्यांचे फार हाल झाले. ब्रिटिश कोलंबियात ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्राने आपले हे काम तेथील ‘फर्स्ट नेशन्स हेल्थ ऑथॉरिटी’कडे सोपविले. हे प्राधिकरण मूळ रहिवाशांनीच चालविलेले असून कॅनडात असे हे पहिलेच होय. आरोग्यसेविका कोठे नेमायची, औषधांचा पैसा कसा वापरायचा, पारंपरिक उपचारांना जागा किती द्यायची, याचा विचार आता त्यांच्या प्रतिनिधींच्या बैठकांतून होतो. त्या बैठका प्रदेशवार, निरनिराळ्या गावी भरतात, आणि तेथे लोक आपल्या गावच्या दवाखान्याची तक्रार उभे राहून मांडतात.