एकच रोग नाही, एकच औषध नाही



आरोग्यपाठात या वेळी आपण कर्करोगाची औषधे शरीरात नेमके काय करतात ते शिकू या. पाड्यांवर फिरताना मला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "त्या मावशीच्या छातीत गाठ होती, तिला रोज एक गोळी. माझ्या भावाला तोंडाचा कॅन्सर, मग त्याला सलाईन का? तीच गोळी त्यालाही द्या ना." याचे उत्तर न मिळाल्याने काही घरांत गोळ्या वाटून खाल्ल्या जातात, तर काही ठिकाणी उपचार मध्येच सुटतो. म्हणून हा पाठ नीट समजून घ्या आणि आपल्या भाषेत पाड्यावर सांगा.

कर्करोग हे अनेक रोगांचे मिळून एक नाव आहे. शरीरातील पेशी ठरावीक वेळी वाढतात आणि ठरावीक वेळी थांबतात. जी पेशी थांबत नाही तिच्यापासून कर्करोग होतो. पण न थांबण्याचे कारण प्रत्येक रोगात वेगळे असते, आणि म्हणून औषधही वेगळे असते.

१) पेशीची शिदोरी तोडणारी औषधे

१९२८ साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांचे रक्त का कमी होते, याचा त्या शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया सुधारतात, असे त्यांना आढळले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. आशाताई गरोदर बायांना लोहाच्या गोळीतून देतात तेच हे. नवी पेशी तयार होण्यास ते लागते.

पुढे अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी उलटा विचार केला. रक्ताच्या कर्करोगात पेशी बेसुमार वाढतात, तर त्यांना हे द्रव्य मिळूच दिले नाही तर? त्यासाठीचे औषध आपल्या आंध्रातून गेलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाने तयार केले होते. १९४८ साली फार्बर यांनी प्रसिद्ध केले की काही मुलांचा रोग मागे हटला. मात्र तो काही काळानेच परतला. लपून राहिलेल्या थोड्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. यातूनच डॉक्टर शिकले की अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ द्यावी लागतात. आज मुलांमध्ये आढळणाऱ्या रक्ताच्या मुख्य कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो आणि तो पूर्ण करणारी बहुसंख्य मुले बरी होतात. मूल खेळू लागले म्हणून औषध थांबवू नये, ते यासाठी.

२) पेशीचे दोन भाग होऊ न देणारी औषधे

अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळते. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक धागे तयार होतात. हे औषध ते धागे जुळू देत नाही. सह्याद्रीच्या जंगलातील नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन असते. त्यापासून बनवलेली औषधे आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगात देतात. याच कारणाने नरक्याची चोरटी तोड होते.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. औषध झाडातून आले म्हणून पाने चावून रोग बरा होत नाही. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघते. ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. काढ्यात किती विष गेले हे कोणालाच कळत नाही.

३) कुलूप बंद करणारी गोळी

स्तनाच्या काही कर्करोगांत पेशीवर एक कुलूप असते. शरीरातील स्त्री-संप्रेरक ही त्याची किल्ली. किल्ली लागली की गाठ वाढते. टॅमॉक्सिफेनची गोळी कुलपात आधीच जाऊन बसते. ती सहसा पाच वर्षे, कधी दहा वर्षेही घ्यावी लागते. ज्या गाठीवर हे कुलूपच नाही, तिथे ही गोळी निरुपयोगी. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि गरज पडल्यास सिस्प्लॅटिनचे सलाईन, हाच मुख्य मार्ग आहे.

४) एकाच बिघाडावर नेमका घाव

रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि पेशीला सतत 'वाढ' असा हुकूम मिळतो. इमॅटिनिब ही गोळी तोच हुकूम बंद करते. २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तिच्या एका रूपाचे पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, म्हणून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळत राहिल्या. रोगी बरा दिसला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही गोळी थांबवायची नसते.

केस का गळतात?

केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतील त्वचेत आणि हाडातील मगजातही पेशी भराभर वाढतात. किमो त्यांनाही मारते. केस बहुधा परत येतात. खरा धोका वेगळा आहे : पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा जंतूही जीव घेतो. किमो चालू असलेल्या रोग्याला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर ती रात्र घरी काढू नका. भगताकडेही थांबू नका. तडक रुग्णालय गाठा आणि 'किमो चालू आहे' हे आधी सांगा.

कार्यकर्त्यांनी करावयाच्या गोष्टी

• गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद जपून ठेवण्यास सांगा. कोणते औषध लागू पडेल हे त्यावरून ठरते.
• एकाची गोळी दुसऱ्याला देऊ देऊ नका.
• काढा घेत असल्यास डॉक्टरांना सांगण्यास लावा. लाजवू नका, रागावू नका.
• पुढील तारीख पाड्यातील आणखी एका माणसाला माहीत असू द्या. मजुरीसाठी बाहेरगावी जायचे असल्यास आधी डॉक्टरांशी बोला.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत घ्या.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. स्तनाचा कर्करोग असलेल्या दोन बहिणींना वेगवेगळी औषधे का मिळू शकतात?
२. रोगी बरा दिसत असतानाही औषध का चालू ठेवावे?
३. आपल्या पाड्यावरून रात्री रुग्णालयात जायचे झाल्यास गाडी कोणाची, फोन कोणाला? आजच ठरवा आणि लिहून ठेवा.