उसने नाव, उसने रूप
('रेडी प्लेअर वन' या विज्ञान-कादंबरीचा अभ्यास)

विज्ञानकथा म्हटली की मराठी वाचकाला प्रथम डॉ. जयंत नारळीकर आठवतात. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २०२५ साली दिवंगत झालेल्या या शास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना या वाङ्मयाची गोडी लावली. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही एक अमेरिकन कादंबरी निवडली आहे. अर्नेस्ट क्लाइन यांची 'रेडी प्लेअर वन' ही ती कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. पलूसच्या विद्यार्थ्याचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. शेजारी १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून आपल्या भागाला यंत्राचे फारसे अप्रूप राहिलेले नाही. पण यंत्राने माणसाला दुसरेच रूप देऊ केले तर त्या रूपात तो किती मोकळा होतो, हा प्रश्न आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे.

आभासी वास्तव म्हणजे काय ते आधी थोडक्यात पाहू. डोळ्यांवर चढवण्याच्या साधनात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवली जातात, त्यामुळे चित्राला खोली येते. मान वळवली की संगणक ते ओळखून चित्रही त्याच मानाने बदलतो. डोळ्यांना जे दिसते ते मानेच्या हालचालीशी जुळत राहिल्याने आपण त्या जागीच आहोत असे मेंदू धरून चालतो. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेत असे साधन बनवले, तेव्हा त्याची जोडणी छताला टांगावी लागत असे. आता ते डोक्यावर घालून घरात वावरता येते.

त्या जगात आपण जे रूप घेतो त्याला इंग्रजीत 'अवतार' असेच म्हणतात. आपल्याकडचा हा शब्द नील स्टीफन्सन यांच्या १९९२ सालच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीमुळे या अर्थाने विशेष रूढ झाला. 'मेटाव्हर्स' हा शब्दही त्याच पुस्तकातला. २०२१ साली फेसबुक कंपनीने त्यावरूनच 'मेटा' हे नाव घेतले. त्या कादंबरीतील एक बारकावा आम्हांस फार बोलका वाटतो. ज्यांच्याकडे स्वतःचे यंत्र नाही, ते सार्वजनिक यंत्रावरून आत येतात, आणि आत त्यांचे रूप कृष्णधवल व खडबडीत दिसते. म्हणजे काल्पनिक रस्त्यावरही गरीब कोण हे दुरून ओळखू येते !

आता मूळ पुस्तकाकडे वळू. काळ इथून पुढचा, २०४० नंतरचा. इंधन संपत आलेले, बेकारी माजलेली. वेड वॉट्स हा पोरका मुलगा ओक्लाहोमा सिटीबाहेर मावशीकडे राहतो. ती वस्ती म्हणजे लोखंडी सांगाड्यांवर एकावर एक रचलेली फिरती घरे. जग सुसह्य होते ते 'ओअॅसिस' नावाच्या आभासी विश्वात शिरल्यावर. वेडची शाळाही तेथेच भरते. प्रवेश फी अवघी पाव डॉलर, तीही एकदाच. परंतु आत एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचे तर पैसे मोजावे लागतात, आणि वेडच्या खिशात काही नसल्याने तो शाळेच्या ग्रहावरच अडकून पडतो. शाळेत नाव घातले, पण तालुक्याला जायला एस.टी.चे भाडे नाही, तशातली ही गत.

हे विश्व निर्माण करणारा हॅलिडे मरताना त्यात तीन किल्ल्या व तीन दरवाजे लपवून ठेवतो. जो शेवटपर्यंत पोचेल त्याला सारी संपत्ती आणि त्या विश्वाची मालकी. एक बलाढ्य कंपनीही शर्यतीत उतरते. तिला तेथे मासिक शुल्क लावायचे आहे. हीच कंपनी कर्ज थकलेल्यांना पकडून आपल्या इमारतीत राबवते. काम आभासी जगाचे, पण राबणारे शरीर खरेच. याला आपल्या भाषेत वेठबिगार हा जुना शब्द आहे. साहसाचा भाग लेखकाने रंगवला आहे खरा. तरी आमच्या मते पुस्तकाचा गाभा निराळाच आहे.

वेडचा जिवलग मित्र एच. अनेक वर्षांची मैत्री, पण ती सारी आतल्या जगातली. तेथे एच हा गोरा तरुण आहे. प्रत्यक्ष भेट होते तेव्हा समोर उभी असते हेलन नावाची काळी मुलगी. तिच्या आईने तिला शिकवले होते की स्त्रिया आणि काळे लोक यांच्यासाठी ओअॅसिससारखी चांगली गोष्ट झाली नाही. आई स्वतः गोऱ्या पुरुषाचे रूप घेऊन व्यवहार करी, कारण त्या रूपाला लोक वेगळी वागणूक देत, संधीही देत. वेडला क्षणभर फसवल्यासारखे वाटते, मग मैत्री टिकते.

हे वाचताना आम्हांला बडोदे आठवल्यावाचून राहिले नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन संस्थानच्या नोकरीसाठी तेथे गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. नावाचा उपयोग तेवढाच झाला. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला रेल्वेत लागलेला तरुणही जात लपवून राहतो, मान मिळवतो, आणि उघडकीस येताच मार खातो. हेलनच्या वाट्याला वेडकडून मार येत नाही, हा फरक मोठा आहे. पण ती ज्या गोऱ्या रूपाने वावरली, त्या रूपालाच जास्त मान का, हे तिच्या आईने गृहीत धरले आहे. ओअॅसिसने तो मान सगळ्यांना वाटला नाही. ज्याला तो हवा त्याला रूप उसने दिले. लेखक या ठिकाणी थांबत नाही, घाईने पुढच्या किल्लीकडे धावतो, याची आम्हांस खंत वाटते.

विद्यार्थ्यांसाठी एक-दोन सूचना. पुस्तकातील इंग्रजी कठीण नाही, परंतु १९८० च्या दशकातील अमेरिकन चित्रपट व व्हिडिओ खेळांचे संदर्भ पानोपानी आहेत. ते खुशाल गाळावेत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०१८ साली काढलेला चित्रपट देखणा आहे, पण त्यावर भागवू नये. अभ्यासवर्गात वाचन करायचे झाल्यास बागूलांची कथा आधी घ्यावी आणि हेलनच्या भेटीचे प्रकरण नंतर. उलट क्रमाने घेतल्यास मुले हेलनच्या युक्तीवर खूश होऊन उठून जातील.