गप्प राहणारा विद्यार्थी

वैद्यकीय अध्यापनात तीस वर्षांहून अधिक काळ घालविल्यानंतर एक प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. तोंडी परीक्षेत ज्या विद्यार्थ्यांना मी कमी गुण दिले, त्यांतील किती जणांना विषय येत नव्हता आणि किती जणांना केवळ इंग्रजी बोलता येत नव्हते? आता याचे उत्तर मिळणे शक्य नाही. परंतु ज्या प्रसंगाने हा प्रश्न माझ्या मनात उभा केला, तो वाचकांपुढे मांडावा आणि त्यातून मी जे शिकलो तेही सांगावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

२००६ सालचा पावसाळा होता. इंदूरच्या एका शिक्षण रुग्णालयात मी मेडिसिन विभागात शिकवीत होतो. झाबुआकडील एक एकोणीस वर्षांची आदिवासी मुलगी सांधेदुखी व रक्तक्षय यांसाठी दाखल झाली होती. संधिवाताचा ताप गृहीत धरून आम्ही उपचार सुरू केले होते. सकाळच्या राउंडला मी तिच्या खाटेपाशी थांबलो आणि मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला इंग्रजीत निदानाच्या शक्यता विचारल्या. तो खाली मान घालून उभा राहिला. मी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा चारचौघांत बोललो आणि पुढच्या खाटेकडे वळलो. "वाचून येत जा," हे माझे शेवटचे वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर वॉर्डात गेलो, तेव्हा तो त्या मुलीच्या आईशेजारी बसून भिलीत बोलत होता. मला पाहताच तो उठून उभा राहिला. आई काय सांगते, असे मी विचारले. तो इंग्रजी शब्द जुळवू लागला, तेव्हा मी म्हणालो, "हिंदीत सांग." त्यावर तो सलग बोलला. मुलीला लहानपणापासून अशाच वेदना होतात, पावसात भिजली किंवा ताप आला की त्या वाढतात, आणि तिची दोन भावंडे 'रक्त कमी' होऊन लहानपणीच गेली. मग तो हळूच म्हणाला, "सर, सिकलिंगची तपासणी करून पाहावी असे काल वाटले होते."

तपासणी सकारात्मक आली. पुढे हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसने सिकलसेल आजारावर शिक्कामोर्तब झाले आणि उपचारांची दिशा बदलली. मी सर्वांसमक्ष त्याचे कौतुक केले. परंतु घरी परतताना मन खजील झाले होते. माझे स्वतःचे प्राथमिक शिक्षण इंदूरच्या मराठी शाळेत झालेले. प्रथम वर्षात शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ मी मनात मराठी करून वाचीत असे. खुर्चीवर बसल्यानंतर ते सारे मी विसरलो होतो.

या घटनेनंतर मी अध्यापनशास्त्राचे वाचन सुरू केले. त्यात मला सर्वाधिक उपयोगी पडली ती १९९२ मध्ये अमेरिकेतील कौटुंबिक वैद्यकाच्या शिक्षकांनी मांडलेली पाच पायऱ्यांची पद्धत. तिला 'वन मिनिट प्रिसेप्टर' असे नाव पडले आहे. आपल्याच रुग्णावरून ती समजावून घेऊ.

पहिली पायरी : विद्यार्थ्याला स्वतःचे मत मांडू द्यावे. "शक्यता सांग" या परीक्षेच्या थाटातील प्रश्नाऐवजी "या मुलीला काय झाले असावे, असे तुला वाटते?" असे विचारावे. दुसरी : मताचा आधार विचारावा. "असे का वाटले?" या प्रश्नाने वेदनांचा जुना इतिहास आणि भावंडांचे मृत्यू पुढे येतात. तिसरी : एक सर्वसाधारण नियम शिकवावा. उदाहरणार्थ, सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या भागातील रुग्णास वारंवार वेदना व रक्तक्षय असेल, तर ही तपासणी टाळू नये. चौथी : जे बरोबर केले ते नेमके सांगावे. "छान" एवढ्याने विद्यार्थी काही शिकत नाही. "तू आईला कुटुंबाचा इतिहास विचारलास, त्यामुळे निदान झाले," याने शिकतो. पाचवी : चूक सुधारावी, शक्यतो एकांतात. "काल तुला शंका आली होती, ती त्याच वेळी कोणत्याही भाषेत सांगायची," हे मी त्याला खोलीत बोलावून सांगितले. त्याच वेळी माझ्या बोलण्याबद्दल क्षमाही मागितली.

यात दर्जा कमी केला जात नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. निदान चुकले तर ते चुकलेच. फक्त ज्ञान तपासताना भाषा, पेहराव किंवा धीटपणा यांना गुण मिळू नयेत. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेली 'ऑस्की' परीक्षापद्धती याच विचारातून पुढे आली. तीत प्रत्येक परीक्षार्थी ठरावीक स्थानकांवर तेच काम करून दाखवितो आणि परीक्षकापुढे आधी ठरविलेली गुणसूची असते.

आपल्याकडेही वारे बदलले आहेत. २०१९ पासून एम.बी.बी.एस.साठी क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात नवागतांसाठी पायाभूत अभ्यासक्रम, पहिल्या वर्षापासून रुग्णसंपर्क आणि वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण यांना स्थान मिळाले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. २०२४ मध्ये, महाराष्ट्रातील वाणीदोष असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे पाहिले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

परंतु नियम महाविद्यालयाच्या दारापर्यंतच पोहोचवितात. खाटेपाशी मागे उभ्या असलेल्या मुलाला पुढे बोलावणे हे शिक्षकालाच करावे लागते. आपल्या मंडळातील जे सभासद शिकवितात, त्यांना माझी विनंती आहे की, पुढील राउंडला पहिला प्रश्न सर्वात गप्प असलेल्या विद्यार्थ्याला विचारावा, उत्तरासाठी त्याला दहा सेकंद द्यावीत आणि कोणत्याही भाषेत बोलण्याची मुभा द्यावी. जे खासगी व्यवसाय करतात, त्यांच्याकडेही इंटर्न व नवे सहकारी येतात. त्यांनाही हे लागू आहे. आणि ज्या वाचकांच्या घरी वैद्यकीय शिक्षण घेणारी मुले आहेत, त्यांनी परगावहून आलेल्या त्यांच्या एखाद्या वर्गमित्राला सणावारी जेवावयास बोलवावे. घरच्या पंगतीत मोकळा झालेला मुलगा वर्गातही लवकर बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे.

माझा तो विद्यार्थी आता स्वतःच्या भागात रुग्णसेवा करतो. वर्षातून एकदा त्याचा दूरध्वनी येतो. तो हिंदीत बोलतो, मीही हिंदीत बोलतो, आणि रुग्णाविषयीची चर्चा पूर्वीपेक्षा अधिक चांगली होते.