माहिती फुटल्यानंतर : पनवेलच्या नागरिकासाठी कायद्याच्या वाटा

घाटाच्या पायथ्याशी बंदर आणि बाजारपेठ म्हणून नावारूपास आलेल्या पनवेलला १८५२ साली नगरपालिका मिळाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका. डिसेंबर २०२५ मध्ये तालुक्याच्या हद्दीतील नव्या विमानतळावरून उड्डाणेही सुरू झाली. शहराच्या या वाढीबरोबर नागरिकांच्या कागदपत्रांचा प्रवासही वाढला आहे. जमिनीचे खरेदीखत, सदनिकेचा करार, घरकर्ज, मोबाईलची जोडणी, रुग्णालयातील नोंद, भाडेकरूची माहिती अशा प्रत्येक व्यवहारात आधार, पॅन, छायाचित्र आणि स्वाक्षरी यांच्या प्रती कोणाच्या तरी हाती राहतात. त्यांपैकी किती ठिकाणी कपाटाला किंवा संगणकाला धड कुलूप असते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली तर परीक्षा पुन्हा घेता येते. माणसाची माहिती फुटली तर ती परत गोळा करता येत नाही. म्हणूनच अशा वेळी नागरिकापुढे दोन कामे उरतात. फुटलेली माहिती निरुपयोगी होईल तितकी करणे हे पहिले, आणि झालेल्या हानीची जबाबदारी योग्य माणसाच्या किंवा संस्थेच्या माथी बसेल अशी नोंद वेळेवर करून ठेवणे हे दुसरे. पहिल्या कामाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते आणि भरपाईचा हक्क बहुधा तेथेच हातचा जातो.

बदलता येणारे आणि न बदलणारे

सर्व माहिती सारख्याच जोखमीची नसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील निरनिराळ्या बँकांची सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा बँकांनी कार्डे बंद केली, गुप्त क्रमांक बदलावयास लावले, नवी कार्डे दिली. जुना क्रमांक चोराच्या हाती राहिला तरी त्याची किंमत संपली. २०२१ साली एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली. तिच्यात नाव, जन्मतारीख आणि पारपत्राचा तपशील होता. पारपत्र नवे काढता येते, जन्मतारीख नवी काढता येत नाही. प्रवासी माहिती सांभाळणाऱ्या कंपनीकडून विमान कंपनीला फेब्रुवारीत सूचना मिळाली होती. प्रवाशांपर्यंत सविस्तर वृत्त मे महिन्यात पोहोचले.

बोटांच्या ठशांचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांतून अंगठ्यांचे ठसे मिळवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि दुसऱ्यांच्या नावे हजारो सिमकार्डे सुरू केली. ज्या तालुक्यात गेली कित्येक वर्षे जमिनीच्या व्यवहारांची रांग हटलेली नाही, तेथील खातेदारांनी हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवावे. अंगठा बदलता येत नसला तरी त्याचा वापर बंद ठेवता येतो. आधार प्राधिकरणाच्या भ्रमणध्वनी सुविधेतून किंवा संकेतस्थळावरून ठशांना कुलूप लावण्याची सोय आहे, आणि आधारचा वापर कोठे कोठे झाला याचा गेल्या सहा महिन्यांचा तपशीलही तेथेच पाहावयास मिळतो. ठसा देऊन पैसे काढण्याची गरज ज्यांना पडत नाही, त्यांनी हे कुलूप कायमच लावून ठेवणे इष्ट.

पहिल्या दिवसाचे काम

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. ही यंत्रणा बँकांशी जोडलेली असल्यामुळे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच ती गोठविण्याची शक्यता असते. काही तासांनी ही शक्यता झपाट्याने कमी होते. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर सविस्तर तक्रार पूर्ण करावी. पैसे गेले नसून केवळ माहिती फुटली असली, तरीही पोर्टलवर नोंद करणे व्यर्थ जात नाही.

बँकेला केवळ तोंडी कळवून थांबू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाला मर्यादा घातली, तेव्हा सारी गणना तक्रारीच्या दिवसावर बसवली. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, व्यवस्थेत अन्यत्र कोठेतरी आहे, अशा प्रकरणी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर काहीच बोजा ठेवला नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास सर्वसाधारण बचत खात्यासाठी १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा ठरविली, आणि त्यानंतर मात्र प्रकरण बँकेच्या धोरणावर सोपविले. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकला. मात्र ज्याने स्वतःहून गुप्त क्रमांक सांगितला, त्याचे कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याच्याच अंगावर राहिले. कळविण्याची वेळ किती मोलाची आहे हे यावरून दिसून येते. लेखी तक्रार देऊन तारीखवार पोच घेतलेला खातेदार पुढे लोकपालासमोर भक्कम पायावर उभा राहतो.

यानंतर दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसते, आणि परकी जोडणी तेथूनच बंद करण्यास सांगता येते. आपल्या पॅनवर कोणी कर्ज उचलले आहे काय, हे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चार पतमाहिती कंपन्यांच्या अहवालांतून समजते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा हा अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. चुकीच्या नोंदीविरुद्ध केलेली तक्रार ३० दिवसांत निकालात न निघाल्यास दरदिवशी १०० रुपये भरपाई देण्याचा दंडक रिझर्व्ह बँकेने २०२३ साली घातला. खोट्या कर्जाचा शोध वसुलीवाल्याच्या दूरध्वनीने लागण्यापेक्षा या अहवालाने लागलेला बरा.

पोलीस ठाणे कोणते ?

येथे पनवेलकरांचा एक नेहमीचा गोंधळ होतो. पनवेल महसुलाच्या दृष्टीने रायगड जिल्ह्यात असले, तरी पोलीस कारभाराच्या दृष्टीने ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. त्यामुळे फिर्यादीसाठी अलिबागला जाण्याचे कारण नाही. जवळचे पोलीस ठाणे किंवा आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे येथे दाद मागावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविल्यास तीन दिवसांच्या आत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. ठाणे अंमलदाराने खबर नोंदविण्यास नकार दिल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे.

खबर देताना कलमे पाठ असण्याची गरज नाही. तरी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील तीन कलमांचा परिचय असावा. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणे कलम ६६ क खाली, संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविणे ६६ ड खाली, आणि कराराने हाती आलेली माहिती नुकसान करण्याच्या हेतूने उघड करणे ७२ अ खाली येते. तिन्ही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आहे.

भरपाईचा दावा

फौजदारी खटल्याने गुन्हेगाराला शिक्षा होते. ज्या कंपनीने माहिती निष्काळजीपणे सांभाळली तिच्याकडून नुकसान भरून घेण्याचा मार्ग निराळा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमात कलम ४३ अ घालण्यात आले व ते ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षाव्यवस्था ठेवली नाही आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर ते तिने भरून द्यावे असे हे कलम सांगते. खाते व कार्डाचा तपशील, परवलीचे शब्द, वैद्यकीय नोंदी आणि शारीरिक ठसे यांची गणना २०११ च्या नियमांनी संवेदनशील माहितीत केली. नुसता पत्ता किंवा मोबाईल क्रमांक मात्र त्यात बसत नाही. मालकी पेढी, भागीदारी, खाजगी रुग्णालय या कलमाच्या कक्षेत येऊ शकतात. शासकीय कार्यालये येत नाहीत, ही या कलमाची मोठी उणीव होय.

पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा ऐकण्याचा अधिकार प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना अभिनिर्णय अधिकारी या नात्याने देण्यात आला आहे. म्हणजे महाराष्ट्रात अर्ज मंत्रालयात करावयाचा. अशा दाव्यांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. शुल्क दाव्याच्या रकमेवर ठरते. एक लाखाच्या दाव्याला ते सुमारे ५,००० रुपये होते. अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो.

हा अधिकार कागदावरचा नाही, हे पुण्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले. पूना ऑटो अॅन्सिलरीज या पेढीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये वळते करण्यात आले. पेढीच्या चालकांनी एका फसव्या ई-पत्राला उत्तर दिले होते. तरीही २०१३ साली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. पैसे ज्या खात्यांत गेले ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नव्हती, हा बँकेचा दोष धरण्यात आला, आणि ई-पत्राला उत्तर दिल्याबद्दल तक्रारदारालाही तोट्याचा वाटा उचलावा लागला. स्वतःची थोडी चूक झाली म्हणून दावाच बुडाला, अशा समजुतीने गप्प बसणाऱ्या नागरिकांनी हा आदेश मुद्दाम लक्षात घ्यावा.

लहान प्रकरणांसाठी ग्राहक आयोगाची वाट अधिक सोपी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्यास उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. पनवेलकरांसाठी हा आयोग अलिबागला आहे. मुदत दोन वर्षांची आहे आणि लहान रकमेच्या व्यवहारांना शुल्क नाही.

नवा कायदा काय देतो ?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. माहिती फुटल्यास बाधित झालेल्या प्रत्येक व्यक्तीला विनाविलंब कळवावे, काय फुटले, परिणाम काय होऊ शकतात आणि तिने कोणती काळजी घ्यावी हे सोप्या शब्दांत सांगावे, तसेच माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा, असे बंधन त्यात आहे. सुरक्षेतील कसुरीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियमांबरोबरच्या अधिसूचनेने या बंधनांसाठी १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची सवड दिली.

दंडाचा आकडा पाहून अनेकांचा गैरसमज होतो. ही रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला तीतून काही मिळत नाही. शिवाय त्याच १८ महिन्यांच्या अखेरीस जुने कलम ४३ अ वगळण्याचीही तरतूद आहे. संगणकात बेकायदा शिरणाऱ्याविरुद्धचे कलम ४३ शिल्लक राहते, पण बेफिकीर कंपनीकडून सचिवांसमोर भरपाई मागण्याचा थेट आधार जातो. हा बदल सामान्य माणसाच्या बाजूचा आहे असे म्हणणे कठीण आहे. ज्यांचे नुकसान झालेले आहे, त्यांनी मंत्रालयातील अर्ज लांबणीवर टाकू नये.

मंडळाकडे जाण्यापूर्वी संबंधित कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेकडे दाद मागणे नव्या कायद्याने आवश्यक केले आहे, आणि त्या व्यवस्थेला उत्तरासाठी नव्वद दिवसांपर्यंतचा अवधी ठेवला आहे. तेव्हा कंपनीला पाठविलेले पहिले पत्र, त्याची पोच, बँकेच्या सूचनेचे छायाचित्र आणि १९३० वरील तक्रारीचा क्रमांक असे चारही कागद एकाच पाकिटात ठेवावेत.