कायदा गेला, शिक्का राहिला

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. चांदूर बाजार परिसरातील आपल्या घरांतून ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच. मात्र आपल्याच जिल्ह्यात राहणाऱ्या फासेपारधी समाजाची हकीकत आपण क्वचितच सांगतो.

गवतात फासे मांडून तित्तिर, लावे धरणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला व १९११ आणि १९२४ साली त्याची व्याप्ती वाढविली. पारध्यांसह अनेक जमाती त्याखाली आल्या. या कायद्याला गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नव्हती. जमात एकदा जाहीर झाली की माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची. परवानगीवाचून त्यांनी गाव सोडायचे नाही. काहींना वसाहतींत डांबले गेले. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. मूल पाळण्यात असतानाच संशयित ठरे. अस्पृश्यतेचा नियम तरी याहून निराळा कोठे होता? १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या जोडीला या जमातींचाही उल्लेख केला आहे, हे आपण विसरतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. पण सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे आले आणि पोलिसांची नजर होती तेथेच राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते. परंतु फासे सोडलेल्या, जमीन नसलेल्या माणसाने जगावे कशावर, याचे उत्तर त्यात नव्हते. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर विमुक्तांविषयीचा संशय कायमच होता. सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी.

कायद्याला दोष देणे सोपे आहे, म्हणून स्वतःचेही सांगतो. पूर्वी एका वसतिगृहात अधीक्षक असताना एका विद्यार्थ्याचे शंभर रुपये हरवले. कोणी काही सांगितले नव्हते, तरी मी पारध्याच्या मुलालाच पेटी उघडायला लावली. दोन सदरे, वह्या आणि फडक्यात बांधलेली वाळकी भाकर, एवढेच तीत होते. दुसऱ्या दिवशी ते पैसे हरवणाऱ्याच्याच भूगोलाच्या पुस्तकात सापडले. मी त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, बाकीच्याइच्या पेट्या काऊन नाई पाह्यल्या?”

त्यानंतर मी तेथे होतो तोवर कोणाही एकट्याची पेटी उघडली गेली नाही.