माती खत कसे धरून ठेवते?
जॉन टॉमस वे यांचे संशोधन व त्यापासून घ्यावयाचा बोध

पिकास दिलेले वरखत पाण्यात विरघळते आणि पाणी जमिनीतून खाली झिरपते. मग सर्वच खत पाण्याबरोबर निघून का जात नाही? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर उलगडा प्रथम इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन टॉमस वे यांनी केला. मृदारसायनशास्त्राच्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

शेतावरून आलेला प्रश्न

वे हे 1847 पासून 1857 पर्यंत इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या संशोधनाचा उगम शेतावर झाला. यॉर्कशायरमधील जमीनदार एच. एस. टॉम्सन यांनी 1845 च्या सुमारास मातीत अमोनियम सल्फेट मिसळून तीवर पाणी ओतले. खाली गळालेल्या पाण्यात त्यांना जिप्सम आढळले. वास्तविक जिप्सम कोणी घातलेच नव्हते. हक्स्टेबल नावाच्या धर्मोपदेशकांनी गोठ्यातील मूत्र मातीच्या थरातून गाळले, तेव्हा त्याचा रंग व दुर्गंधी नाहीशी झाली.

वे यांनी या गोष्टींचा कसून अभ्यास करून 1850 व 1852 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. माती खतातील अमोनिया व पालाश धरून ठेवते आणि त्यांच्या मोबदल्यात आपल्याजवळील चुना पाण्यात सोडते. ही देवघेव ठराविक प्रमाणात व अत्यंत त्वरेने होते. हे सामर्थ्य वाळूत नसून चिकणमातीत असते. नायट्रेट मात्र मातीत धरले जात नाही. ते पाण्याबरोबर निघून जाते.

वे यांची एक चूक झाली. ही देवघेव उलट दिशेने होत नाही, असे त्यांचे मत होते. 1858 साली जर्मन शास्त्रज्ञ आइखहॉर्न यांनी ती उलटही होते, असे दाखवून दिले. मातीने धरलेले अन्न पिकाच्या मुळांस मिळू शकते, ते यामुळेच.

शेतीस उपयोग

अमोनियाच्या रूपातील नत्र माती धरून ठेवते. परंतु जमिनीतील सूक्ष्म जीव काही काळात त्याचे नायट्रेट बनवितात. युरियाचीही अखेर हीच गत होते. म्हणून हलक्या, वाळूमय जमिनीत नत्राची सर्व मात्रा एकदम दिल्यास व वर भरपूर पाणी सोडल्यास शेतकऱ्याचा पैसा मुळांच्या खाली वाहून जातो. अशा जमिनीत नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे व पाणी बेताचे द्यावे.

चोपण जमिनीची सुधारणाही याच तत्त्वावर होते. अशा जमिनीत चिकणमातीच्या कणांस सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे ती ओली असता चिकट व वाळली असता टणक होते आणि पाणी आत मुरत नाही. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. निचऱ्याचे चर नसतील तर जिप्समवरील खर्च वाया जातो. म्हणून आधी निचरा, मग मातीपरीक्षणानुसार जिप्सम, हाच क्रम ठेवावा.

ग्रामसेवकांसाठी प्रात्यक्षिक

तळाशी भोक असलेली दोन मडकी घ्यावीत. भोकावर फडके ठेवून एकात मध्यम पोताची माती व दुसऱ्यात धुतलेली वाळू भरावी. दोहोंत पाणी मिसळलेले गोमूत्र सारख्या मापाने हळूहळू ओतावे. खाली गळालेल्या पाण्याचा रंग व वास ताडून पाहावा. वाळूने काय सोडले व मातीने काय राखले, हे शेतकऱ्यांस स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग हलक्या जमिनीत खत थोडे थोडे का द्यावे, हे निराळे सांगावे लागणार नाही.