कमी नमुने, मोठा निष्कर्ष? अंतराळ-आरोग्याच्या स्पर्धेने शिकवलेला पाठ



गेल्या वर्षी माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अंतराळवीरांच्या आरोग्याच्या माहितीचं विश्लेषण करायच्या एका बक्षीस स्पर्धेत तिने मैत्रिणींबरोबर भाग घेतला होता. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, आम्हाला एक जनुक सापडलंय! अंतराळात गेल्यावर चारही जणांत त्याचं काम वाढलंय. चारपैकी चार! तीन दिवसांनी शेवटची तारीख आहे."

तिचा आनंद बघून बरं वाटलं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यातून जो पाठ तयार झाला, तो आज तुमच्यासमोर मांडते.

माहिती इतकी थोडी का?

१९६१ साली युरी गागारिन अंतराळात गेला. तेव्हापासून आजवर जेमतेम सहाशे-सातशे माणसं तिथे जाऊन आली आहेत. त्यातही रक्ताचे, जनुकांचे बारीक नमुने घेतलेली माणसं फारच थोडी. सप्टेंबर २०२१ मध्ये इन्स्पिरेशन-४ या मोहिमेत चार सामान्य नागरिक तीन दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्यांतल्या सियान प्रॉक्टर या भूशास्त्राच्या प्राध्यापिका, म्हणजे आपल्यातल्याच! या चौघांचे नमुने उड्डाणाआधी, उड्डाणात आणि परतल्यावर घेतले गेले. अशी बरीच माहिती नासाच्या खुल्या भांडारात अभ्यासासाठी ठेवलेली आहे. उंदरांवरच्या प्रयोगांचीही आहे. पण माणसं चार, आणि जनुकं सुमारे २०,०००. खरी गंमत आणि खरा धोका इथेच आहे.

कृती : नाणं उडवून बघा

ही कृती मी नववीच्या वर्गात घेतली. साहित्य : प्रत्येकी एक रुपयाचं नाणं, वही, पेन्सिल.

प्रत्येकाने नाणं चार वेळा उडवायचं. छापा म्हणजे 'वाढ', काटा म्हणजे 'घट'. चारही वेळा छापा येण्याची शक्यता १६ मध्ये १. वर्गात ४८ मुलं, म्हणजे सरासरी तिघांना तसं यायला हवं. प्रत्यक्षात चौघांना आलं. मी त्यांना उभं करून विचारलं, "तुमच्या नाण्यात काही जादू आहे का?" सगळा वर्ग हसला.

आता हेच गणित जनुकांना लावू. समजा, अंतराळाचा काहीच परिणाम होत नाही आणि प्रत्येक जनुक नाण्यासारखंच आपोआप वरखाली होतं. तरीसुद्धा २०,००० भागिले १६, म्हणजे सुमारे १,२५० जनुकं चारही माणसांत 'वाढलेली' दिसतील! माझ्या विद्यार्थिनीचं जनुक त्या १,२५० मधलंच एक असू शकत होतं.

हे कागदावर मांडल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "मॅडम, मग आम्ही पाठवूच नको का?"

मी म्हटलं, "अगं, पाठव ना! फक्त जेवढं दिसलंय तेवढंच लिही."

जुळ्या भावांची गोष्ट

स्कॉट केली हे अंतराळवीर २०१५-१६ मध्ये ३४० दिवस अंतराळ स्थानकात राहिले. त्यांचे जुळे भाऊ मार्क केली पृथ्वीवर होते. दोघांची तुलना झाली. २०१८ मध्ये बातम्या झळकल्या की स्कॉट यांचा ७ टक्के डीएनए बदलला, आता ते जुळे राहिलेच नाहीत! नासाला खुलासा करावा लागला. डीएनए बदललेला नव्हता, काही जनुकांच्या कामाचं प्रमाण बदललं होतं. २०१९ मध्ये सविस्तर शोधनिबंध आला. त्यानुसार असे ९० टक्क्यांहून जास्त बदल परतल्यानंतर सहा महिन्यांत पूर्ववत झाले होते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात, ती अंतराळात लांबली आणि परतल्यावर लगेच आखूड झाली. हे एकाच माणसात दिसलं म्हणून शास्त्रज्ञ तिथे थांबले नाहीत. त्यांनी इतर अंतराळवीरांतही तपासलं. पुढे इन्स्पिरेशन-४ च्या चौघांतही टेलोमिअर लांबलेली आढळली. थोड्या माहितीवरून पुढे जायची वाट ही अशी असते. एकात दिसलं की दुसऱ्यात शोधायचं.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांसाठी काही सूचना

१. प्रश्न आधी लिहा, माहिती नंतर उघडा. आधी आकडे बघून मग प्रश्न ठरवला, तर हवं ते उत्तर सापडतंच.

२. माणसं मोजा, नळ्या नव्हे. चौघांचं रक्त सात-सात वेळा घेतलं तरी माणसं २८ होत नाहीत, चारच राहतात.

३. एक माणूस बाजूला ठेवा. तिघांवरून अंदाज बांधा, चौथ्यावर तपासा. मग आळीपाळीने प्रत्येकाला बाजूला ठेवून बघा.

४. पद्धत शक्यतो साधी ठेवा. माहिती थोडी आणि पद्धत अवघड असली की संगणक चक्क पाठांतर करतो. नवा प्रश्न आला की नापास!

५. खासगीपण जपा. चौघांची नावं जगाला माहीत असताना नाव खोडून फारसं काही लपत नाही.

६. नियम नीट वाचा. वय, गट, मुदत आणि तयार केलेल्या पद्धतीवर हक्क कोणाचा, हे बघा. अमेरिकी सरकारी संस्थांच्या काही स्पर्धांत रोख बक्षीस फक्त तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी यांनाच मिळतं.

शेवटी काय झालं?

मुलींनी तीन दिवस जागून पुन्हा काम केलं. त्यांचं जनुक उंदरांच्या माहितीत तपासलं, तिथे स्पष्ट काही दिसलं नाही. तेही त्यांनी लिहिलं. 'शोध' हा शब्द काढून 'शक्यता' लिहिला. बक्षीस मिळालं नाही. पण ती म्हणाली, "मॅडम, आता कुणीही 'शंभर टक्के' म्हटलं की मी आधी विचारते, किती जणांत?"

हे ऐकून मी मनात वरमले. काही वर्षांपूर्वी वाचनाच्या एका उपक्रमाचा अहवाल मी स्पर्धेसाठी पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, "१०० टक्के विद्यार्थ्यांची प्रगती." वर्गाचा पट होता पाच! त्या पाच जणांत एक मूल त्याच काळात आजीकडून रोज गोष्टी वाचून घेत होतं. ती प्रगती माझी की आजीची, हे मी तपासलंच नव्हतं.

आपल्याकडे कमी पटाच्या शाळा खूप आहेत. पाच मुलांवरचा उपक्रमही मोलाचा असतो. फक्त अहवालात लिहूया, "पाच मुलांत असं दिसलं, तुमच्या वर्गात करून बघा आणि कळवा."

पालकांनाही एक विनंती. घरी नाणं उडवायची ही कृती मुलांसोबत जरूर करा. आणि पुढच्या वेळी 'अमुक खाल्ल्याने तमुक आजार बरा झाला' असा निरोप मोबाईलवर आला, तर मुलांनाच विचारू द्या, "किती जणांत?"